गळती पकडायला पेट्रोलियमची डिग्री कशाला?

नमस्कार,

मनमाडजवळच्या तुमच्या शेतातून इंधनाची पाइपलाइन गेली आहे. मुलाने इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय आणि त्याला गळती शोधण्याच्या कामात जायचंय. त्यासाठी कर्ज काढून त्याला खासगी कॉलेजात पेट्रोलियम इंजिनिअरिंगला घालावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते घालू नका. त्या डिग्रीचा मुख्य भर तेलविहिरी आणि जमिनीखालच्या साठ्यांवर असतो. गळती सापडते ती प्रेशर, फ्लो आणि तापमान मोजणाऱ्या उपकरणांमुळे, म्हणजे मुलाच्याच विषयातून. एका टोकाला किती तेल सोडलं आणि दुसरीकडे किती पोचलं, याचा ताळा कंट्रोल रूममध्ये सतत चालू असतो. पाइप अचानक फुटला तर प्रेशर पडल्याची लाट दोन्ही बाजूंना धावते आणि दोन स्टेशनांवर ती पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढता येते. बारीक पाझर मात्र निसटतो, कारण मीटरमध्येच तेवढा फरक असू शकतो. म्हणून तर लाइन वॉकर अजूनही पायी फिरतात. आपल्याकडे तेलचोरांचा वेगळाच ताप. त्यांच्यासाठी पाइपसोबत पुरलेल्या ऑप्टिकल फायबरवरून खोदकामाची कंपनं टिपतात.

पण खरी कसोटी अलार्म वाजल्यावर. 25 जुलै 2010 रोजी अमेरिकेत, मिशिगनमधल्या मार्शलजवळ एनब्रिज कंपनीची पाइपलाइन फुटली. अलार्म वाजले होते. पण पाइपात तेलाचा प्रवाह तुटून पोकळी झाली असेल, असं समजून कंट्रोल रूमने दोनदा पुन्हा पंप चालू केले. गळती कळायला 17 तासांहून जास्त वेळ गेला, तीही एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन केला तेव्हा. एनटीएसबी या अमेरिकी तपास संस्थेचा अहवाल मुलाने जरूर वाचावा. इंटरव्ह्यूला उपयोगी पडेलच, शिवाय आपल्याला हे काम झेपेल का, तेही कळेल.

इंडियन ऑइलच्या पाइपलाइन विभागात ‘इंजिनिअरिंग असिस्टंट’ पदावर डिप्लोमाधारक घेतात. त्यात टेलिकॉम आणि इन्स्ट्रुमेंटेशनची शाखा वेगळी असते. तिथल्या अप्रेंटिसशिपवरही लक्ष ठेवा. डिग्री हवीच असेल, तर इन्स्ट्रुमेंटेशनलाच थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा आणि पुढे ‘गेट’ ही इंजिनिअरांसाठीची राष्ट्रीय परीक्षा द्यावी.

मात्र या नोकरीत रात्रपाळी आहे आणि पोस्टिंग परराज्यातही होऊ शकतं. मुलगा घराजवळच राहील या हिशोबाने शेतीची घडी बसवली असेल, तर फॉर्म भरण्याआधी त्याच्याशी आणि त्याच्या आईशी बोलून घ्या.