चालणाऱ्यांचे क्लब, चालवणाऱ्यांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत नव्या वाटा विचारणारं एकही पत्र नाही. सगळी पत्रं ट्रेकिंग क्लब फुकट राबून चालवणाऱ्यांची आहेत, नाहीतर त्यांच्यावर रुसलेल्यांची. तेव्हा आज त्यांच्याकडेच बघू.

प्रश्न : आमच्या मासिक ट्रेकची सूचना ‘सोपा ते मध्यम’ एवढ्याच शेऱ्यानिशी जाते. गेल्या खेपेला निम्मे लोक मागे पडले, खाली उतरेपर्यंत अंधार झाला. भराभर चालणारे वैतागले, ‘यांना घेतलंच कशाला’ म्हणाले. चूक कोणाची?

सूचनेची. कुठली वाट सोपी हे लिहिणारा आपल्या पायांवरून ठरवतो, आणि सूचना लिहिणारा बहुधा क्लबातला सगळ्यात तयार गडी असतो. शेरा काढून टाका, आकडे द्या. एकूण अंतर किती, एकूण चढ किती मीटर, वाट मातीची की सुट्या दगडांची, कुठे हात टेकावे लागतील का, आणि अर्ध्यातून परतायचं झालं तर कुठून परतता येईल. एकूण चढ म्हणजे पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक नव्हे. मधे उतरून पुन्हा चढावं लागणारं प्रत्येक टेकाड त्यात धरायचं. अनेक सूचना इथेच फसतात.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशेब आजही कामाचा आहे. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास चार तास. पण हे चार तास ठणठणीत माणसाचे, चांगल्या वाटेवरचे, न थांबता चालण्याचे. नव्या-जुन्यांचा घोळका असेल तर मी दीडपट धरतो, म्हणजे सहा तास. त्यावर जेवण, फोटो आणि बुटांच्या नाड्या. शिवाय उभ्या उताराला लागणारा जादा वेळ नेस्मिथच्या मूळ हिशेबात नाही, आणि दमलेल्या गुडघ्यांचा वेळ तर तिथेच जातो. एवढं आदल्या आठवड्यात कागदावर मांडलं असतं, तर अंधार तुम्हाला घरबसल्या दिसला असता.

आता वाटेवरचं. आघाडीचे लोक पंधरा मिनिटं निवांत टेकतात, शेवटचा धापा टाकत पोचतो आणि तेवढ्यात ‘चला, चला’ सुरू होतं. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. थांब्याची मिनिटं शेवटचा माणूस टेकल्यावर मोजायला लागा. पिछाडीचं काम नवख्याच्या गळ्यात मारू नका. मुरगळलेला पाय, आलेली चक्कर, संपलेलं पाणी, हे सगळं पिछाडीवाल्याच्याच वाट्याला येतं. तो लीडरइतकाच जाणता हवा. आणि फाटा आला की मागचा माणूस नजरेला पडेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही.

भराभर चालणाऱ्यांची तक्रारही खोटी नाही. त्यांच्यासाठी अधूनमधून वेगळा ट्रेक ठेवा, आकडे देऊन. ज्याला झेपेल तो नाव देईल. कोणी कोणाला ‘घेण्याचा’ प्रश्नच येत नाही.

प्रश्न : सभासद भरपूर आहेत, महिन्याला चार ट्रेक होतात, पण ट्रेक नेणारे तेच चार जण. बाकीच्यांना विचारलं की हसून विषय बदलतात. काय करावं?

‘लीडर हो’ म्हटलं की समोरच्याला पहाटेपासून रात्रीपर्यंतची सगळी जबाबदारी दिसते. तो पळणारच. काम फोडून द्या. नावनोंदणी एकाने, गाड्या दुसऱ्याने, प्रथमोपचाराची पेटी तिसऱ्याने. ज्याला पुढे आणायचं त्याला आधी पिछाडीला एका जाणत्याच्या जोडीने चालवा, मग ओळखीच्या वाटेवर एकच टप्पा पुढे राहू द्या. जुन्या लीडरने त्या वेळी मागून गप्प चालायचं. हे गप्प राहणं भल्याभल्यांना जमत नाही. नवा माणूस फाट्यावर नकाशा काढतो न काढतो तोच मागून ‘डावीकडे रे’ असा आवाज येतो, आणि तो पुन्हा कधी नकाशा काढत नाही. चुकीची वाट धोक्याची नसेल तर दोनशे पावलं चुकू द्या.

अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग पायवाट पूर्ण झाली. साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या जोरावर टिकून आहे, कारण वेगवेगळ्या क्लबांनी तिचे तुकडे वाटून घेतले आहेत. आपला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ज्याला ठाऊक असतं, तो हात पुढे करतो.

आणि एक उलटा प्रश्न मीच विचारतो. लीडर चार असताना महिन्याला चार ट्रेक कोणी ठरवले? दोनच ठेवा. त्या चौघांनाही कधीतरी कोणाची डोकी न मोजता चालू द्या.

प्रश्न : माथा अर्ध्या तासावर असताना लीडरने सगळ्यांना परत फिरवलं. रात्रभर प्रवास करून आलो होतो, निम्मं आकाश तर स्वच्छ होतं. गडगडाट लांबून ऐकू येत होता. एवढी मनमानी चालते का?

चालते, आणि चाललीच पाहिजे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचे, की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. इतकं अंतर तुम्हाला लांब वाटेल, पण पुढची वीज तेवढी उडी सहज मारते, आणि उघड्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. लांबून का होईना, गडगडाट कानावर आला म्हणजे तुम्ही पल्ल्यात आलात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत वर जायचं नाही, एकट्या झाडाखालीही थांबायचं नाही. निम्मं आकाश स्वच्छ होतं हे खरं असेल. पण वीज उरलेल्या निम्म्यातून येते.

ओढ्याचंही तसंच आहे. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं, कारण पाऊस वरच्या अंगाला कुठेतरी पडलेला असतो. बर्फ वितळून येणारे ओढे तर पहाटे सगळ्यात उथळ असतात आणि ऊन चढेल तसे फुगतात. परत फिरण्याचा निर्णय घेताना लीडरच्या डोळ्यांसमोर माथा नसतो, हा परतीचा ओढा असतो.

लीडरला मात्र एक सांगणं आहे. परत फिरायची वेळ निघण्याआधीच सगळ्यांसमोर जाहीर करा, सूचनेतही लिहा : ‘एक वाजता जिथे असू तिथून मागे, गडगडाट ऐकू आला तर त्याआधीच.’ आधी सांगितलेलं लोक निमूट ऐकतात. माथ्याखाली अर्ध्या तासावर पहिल्यांदा सांगितलं तर भांडण होतंच.

प्रश्न : लीडरचा खर्च क्लबने करावा का? आमच्याकडे यावरून दोन तट पडलेत.

प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च सगळ्यांत वाटून घेतला तरी चालेल, लीडरने स्वतः भरला तरी चालेल. जे कराल ते लेखी ठरवा आणि ट्रेकनंतर आठवड्याच्या आत जमाखर्च सगळ्यांना दाखवा. मानधन सुरू करणार असाल तर मात्र आधी वकिलाला विचारा. पैसे घेऊन नेणाऱ्यावरची कायदेशीर जबाबदारी हौशी सोबत्यासारखी राहीलच असं नाही, आणि विम्याच्या अटीही बदलू शकतात.

प्रश्न : एका जुन्या सभासदाने क्लबला गिर्यारोहणाचा दोर भेट दिलाय. बारा वर्षांचा आहे, पण फारसा वापरलेला नाही. वापरावा का?

नाही. नायलॉनचा दोर नुसता ठेवूनही जुना होतो. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या दोरालाही दहा वर्षांपलीकडे चालवू नका असं सांगतात. शिवाय तो इतकी वर्षं कुठे ठेवला होता हे तुम्हाला माहीत नाही. बॅटरीतलं अ‍ॅसिड किंवा त्याची वाफ लागली असेल तर दोर बाहेरून धडधाकट दिसतो आणि ताण आला की तुटतो. देणाऱ्याचे आभार माना आणि दोराचे तुकडे करा. गाठी शिकवायला दोन-दोन मीटरचे तुकडे फार उपयोगी. अखंड ठेवलात तर कोणीतरी, कधीतरी तो कड्यावर नेईल.

प्रश्न : एक सभासद कोणालाही न सांगता जवळच्या वाटेने खाली उतरला आणि घरी गेला. आम्ही रात्री नऊपर्यंत शोधत होतो. त्याला काढून टाकावं का?

आधी मला हे सांगा, तो नाहीसा झाला हे तुम्हाला कळलं कधी? डोकी माथ्यावर मोजून एकदम पायथ्याशी मोजली असतील, तर दोष अर्धा तुमचाही आहे. प्रत्येक थांब्यावर मोजायचं. पंधरापुढे माणसं असतील तर दोन तुकड्या करायच्या. त्या सभासदाला ताकीद द्या. दुसऱ्यांदा केलं तर निरोप द्या. वेगळं व्हायला मनाई नाही, पण लीडरला तोंडावर सांगून, आणि त्याने मान डोलावल्यावर.

खरोखर चुकलेल्यासाठी नियम एकच : वाट हरवली असं वाटलं की थांबायचं. चालत राहिलेला माणूस शोधणाऱ्यांपासून लांब लांब जातो. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. ओरडून घसा तासाभरात बसतो. आल्प्समधून आलेली संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. रात्री हेच टॉर्चने करायचं. काही देशांत मदतीसाठीच तीनची पद्धत आहे, तेव्हा तुमच्या भागातल्या बचाव पथकाला विचारून घ्या आणि निघण्याआधी सगळ्यांना एकदा वाजवायला लावा. लोक हसतात; हसू द्या.

प्रश्न : सभासदांच्या आजारांची माहिती मागणं आगाऊपणाचं वाटतं.

लीडरने ती वाचावीच असं नाही. दमा, फिट्स, मधुमेह, हृदयाचे विकार, कशाची अ‍ॅलर्जी, रोजची औषधं आणि घरचा फोन, एवढं प्रत्येकाने लिहून बंद पाकिटात आपल्याच सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं. गरज पडली तरच ते उघडायचं. मधमाशीच्या दंशाने ज्याचा श्वास कोंडतो त्याने मात्र तोंडी सांगायलाच हवं, आणि आपलं इंजेक्शन कुठल्या कप्प्यात आहे ते दोघांना दाखवून ठेवायचं. पाकीट शोधण्याइतका वेळ तिथे नसतो.

प्रश्न : ट्रेकचा वृत्तान्त लिहायचं काम माझ्याकडे आलंय. दरवेळी तोच सूर्योदय, तेच ‘अविस्मरणीय’. निराळं काय लिहू?

सूर्योदयाला एक ओळ पुरे. पुढच्या वर्षी ही वाट नेणाऱ्याला काय हवं असेल ते लिहा. कुठून किती वाजता निघालो, शेवटचा माणूस कुठे किती वाजता पोचला, पाणी कुठल्या महिन्यात कुठे मिळालं, कुठली खूण आता दिसत नाही, कुठे दगड सुटले आहेत. आणि थोडक्यात वाचलो ते प्रसंग जरूर लिहा, नाव न घेता. कोणाच्या तरी पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या कानाजवळून गेला, हे गाडीत सगळे बोलतात आणि वृत्तान्तात कोणी लिहीत नाही. मग पुढच्या तुकडीतले लोक त्याच घसाऱ्यावर एकाखाली एक उभे राहतात. फोटोंचंही तेच. माथ्यावरचा सगळ्यांचा एक फोटो टाका, पण फसव्या फाट्यांचे चार टाका, वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही बाजूंनी काढलेले.