दत्तक गेलेल्यांची जन्मनोंद कुठे सापडते?

प्रश्न : माझ्या आजोबांचा जन्म १९३६ ते १९३८ च्या दरम्यानचा. लहानपणीच ते महालातल्या नात्यातल्या निपुत्रिक घरी दत्तक आले. जनक घर काटोलकडचे, एवढेच ठाऊक आहे. महापालिकेत त्यांच्या नावाने तपास केला, पण नोंद निघाली नाही. पुढे काय करावे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तपास चुकीच्या वहीत झाला आणि चुकीच्या नावाने झाला. मूल जन्मले त्या ठिकाणी जन्माची नोंद होते, ते पुढे कुठे वाढले याच्याशी त्या नोंदीचा संबंध नसतो. नागपूर तेव्हा ज्यात होते त्या इंग्रजी अमदानीतल्या मध्य प्रांतात खेड्यातले जन्म-मृत्यू गावचा कोतवाल लिहीत असे. विदर्भात आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात ती हीच वही, आणि ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागावी लागते.

या वहीत आजोबांचे नाव शोधू नका. नोंद बारशाच्या आधीच व्हायची, त्यामुळे बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच मिळते. आडनावही पुष्कळदा गाळलेले असते. दत्तक वडिलांचे नाव तिथे येणे शक्यच नाही. म्हणून आधी जनक वडिलांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव मिळवा. ‘गणपत वल्द लक्ष्मण’ (लक्ष्मणचा मुलगा गणपत) एवढे हाती असेल तर वही वाचता येते.

वर्षाचा अंदाज आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून बांधा, पण त्या तारखेवर विसंबू नका. १ जून किंवा १ जुलै दिसली तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. मागची तीन आणि पुढची तीन वर्षे पाहावीत. त्याच रजिस्टरात बापाचे नाव आहे की पालकाचे, हेही बघा. मामाकडे किंवा मावशीकडे नुसतीच वाढलेली मुले घरोघर ‘दत्तक’ म्हणून सांगितली जातात. अशांचे दत्तकपत्र झालेलेच नसते, आणि ते शोधण्यात वर्षे जातात.

गावाबद्दल जास्त सांगावेसे वाटते, कारण बहुतेकांचा शोध इथेच अडतो. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली रीत. आजोबा थोरले असतील तर नोंद बापाच्या गावी न सापडता त्यांच्या जनक आईच्या माहेरच्या वहीत सापडेल, बापाचे नाव मात्र तेच राहील. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘आजोबांचे मामा कुठले?’ हा प्रश्न आधी विचारा. तहसीलही तपासा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल या चारच तहसिली होत्या, आज तालुके १४ आहेत. नरखेडकडच्या गावाची जुनी वही काटोलला विचारावी लागू शकते. माहेर सौंसर किंवा पांढुर्ण्याकडचे असेल तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो भाग मध्य प्रदेशातच राहिला, तेव्हा अर्ज तिकडे करावा लागेल.

नकलेच्या अर्जात गाव, वर्षे आणि बापाचे नाव नेमके लिहा. वही जीर्ण आहे किंवा मिळत नाही असे तोंडी सांगितले तर ते लेखी मागा. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

एकाच गावात त्या नावाचे दोन-तीन बाप निघतात. मग जनक वडिलांच्या सगळ्या मुलांच्या जन्मनोंदी काढा आणि त्याच कोतवाल बुकातल्या मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहा. त्या काळी तान्ही मुले फार दगावत, हे पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर जनक वडील वारल्यावर झालेला वारस फेरफार पाहा. ज्या मुलाची जन्मनोंद आहे, मृत्यूची नाही आणि वारसांतही ज्याचे नाव नाही, तो बहुधा दत्तक गेलेला.

खात्रीचा पुरावा दत्तकपत्राचा. नोंदणी झाली असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे सहसा ४ क्रमांकाच्या पुस्तकात सापडते. नवऱ्याने बायकोला दत्तक घेण्याचा अधिकार लिहून दिला असेल तर ३ क्रमांकाच्या. पुस्तक ४ ची नक्कल वाटेल त्याला मिळत नाही. दस्त करणारा, त्याखाली हक्क सांगणारा किंवा त्यांचा प्रतिनिधी यांनाच मिळते, म्हणून वारस असल्याचे कागद सोबत न्या. पत्र मिळाले नाही तरी दत्तक झालेच नाही असे समजू नका, नोंदणी सक्तीची नव्हती.

प्रश्न : आत्या १९७२ साली नागपुरातल्या रुग्णालयात जन्मली, पुढे मावशीकडे दत्तक गेली. जन्माची नोंद कशी मागू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ खाली कोणालाही तपास मागता येतो. महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज करा. जनक आई-वडिलांची नावे, रुग्णालय आणि तारखेचा अंदाज लिहा. शुल्क वर्षागणिक पडते, म्हणून वर्षे आवळून मागा. बाळाच्या नावाचा रकाना कोरा असेल तर ‘नोंद नाही’ असे उत्तर येते, यासाठी तपास आईच्या नावाने करायला सांगा. छापील दाखल्यावर थांबू नका, रजिस्टरच्या पानाची प्रत मागा. कलम १५ खालची दुरुस्ती मूळ नोंद न खोडता समासात लिहिली जाते, आणि मिळवायचा असतो तो समासच.

प्रश्न : काकूची मुलगी संस्थेमार्फत दत्तक गेली. आम्ही चुलत भावंडे तिला शोधू शकतो का?
– एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : नाही. दत्तक विनियमांनुसार मूळ शोधण्याचा हक्क दत्तक गेलेल्या व्यक्तीचा आहे. ती १८ वर्षांखालची असेल तर दत्तक आई-वडिलांसोबत तिने अर्ज करायचा. तिऱ्हाईताला, म्हणजे तुम्हालाही, हा शोध घेता येत नाही, आणि संस्थेच्या कर्मचाऱ्याकडून नाव काढून घ्यायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ज्या बाईने मूल सोपवले तिच्या गुप्ततेचाही इथे प्रश्न आहे. दत्तक गेलेल्या मुलीने स्वतः शोध सुरू केला तर उपयोगी पडेल असा कागद घरी तयार ठेवा : काकूची संमती, रुग्णालय, तारीख आणि घरातले आनुवंशिक आजार.