कार्बन तीव्रता 36 टक्क्यांनी घटली, मग कोळसा जास्त कसा जळतोय?

तुमचा प्रश्न असा: 2005 ते 2020 या काळात भारताची कार्बन तीव्रता 36 टक्क्यांनी घटली म्हणतात, पण कोळसा तर वाढतच चाललाय. मग हा आकडा काढतात तरी कसा?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण हा नुसता भागाकार आहे. वर देशाचं वर्षभराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन, खाली जीडीपी. कोरोनाच्या आधीचं, म्हणजे 2019 चं गणित मांडू. उत्सर्जन सुमारे 313 कोटी टन, म्हणजे 3.13 लाख कोटी किलो. 2019-20 चा जीडीपी 2011-12 च्या स्थिर किमतींनुसार सुमारे 145 लाख कोटी रुपये. भागून बघा, रुपयामागे साधारण साडेएकवीस ग्रॅम येतात. झाली कार्बन तीव्रता!

आता 'स्थिर किमती' कशाला? मी इचलकरंजी भागातल्या प्रोसेस हाउसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं, एनर्जी ऑडिट करतो. एका मालकांनी मोठ्या कौतुकानं वही पुढे केली, "साहेब, यंदा लाखाच्या विक्रीमागे कोळसा 12 टक्के कमी लागलाय." बॉयलर तोच, वजनकाट्याच्या पावत्या जवळपास तेवढ्याच, कापडाचे मीटरही तेवढेच. वाढला होता फक्त रंगाईचा दर! आता ते किलो कापडामागे किलो कोळसा लिहितात. देशाला ती सोय नाही, पोलाद, भात आणि सॉफ्टवेअर किलोत कसं मोजणार? म्हणून रुपयाच घ्यायचा, पण महागाई काढून टाकलेला.

तरी हा रुपयाही सरळ नाही. 2015 च्या जानेवारीत जीडीपीचं आधारवर्ष 2004-05 वरून 2011-12 वर आणलं, पद्धतही बदलली, आणि 2013-14 चा वाढीचा दर 4.7 वरून 6.9 टक्के झाला. कारखान्याची एकही चिमणी हलली नाही. दुसऱ्या देशाशी तुलना करताना तर आणखी जपून. बाजारातल्या विनिमय दरानं डॉलर केले तर भारत फार काळा दिसतो. क्रयशक्तीच्या, म्हणजे तेवढ्या पैशात इथे किती माल येतो त्या हिशेबानं केले तर जीडीपी तिपटीहून जास्त भरतो आणि तीव्रता त्याच प्रमाणात खाली येते. तक्ता बघताना आधी डॉलर कुठला ते बघा.

भागाकारातला वरचा, म्हणजे उत्सर्जनाचा आकडाही कोणी चिमणीला मीटर लावून आणत नाही. कुठलं इंधन किती जळलं, त्याची उष्णता किती, आणि त्या उष्णतेमागे कार्बन किती, असा गुणाकार असतो. आपल्या कोळशात राख भरपूर, उष्णता कमी. परदेशी कोळशाचे गुणक लावले तर हिशेब चुकतो, म्हणून धनबादच्या केंद्रीय संस्थेनं इथल्या कोळशाचे गुणक काढलेत. त्यात सिमेंटच्या भट्ट्या, भातखाचरं, गाईम्हशींच्या रवंथातला मिथेन हे मिळवायचं. जंगलांनी शोषलेलं वजा करायचं की नाही, हे आधी ठरवावं लागतं: 2020 चे सुमारे 296 कोटी टन वजाबाकीनंतर 244 कोटींवर येतात. 2009 मध्ये भारतानं 2020 पर्यंत तीव्रतेत 20 ते 25 टक्के घट कबूल केली होती, ती शेतीतलं उत्सर्जन वगळून. आताचं लक्ष्य 2030 पर्यंत, 2005 च्या तुलनेत, 45 टक्के घट.

घट खोटी नाही. एलईडी आले, सौर-पवन वीज वाढली. शिवाय हिंजवडीतल्या आयटी कंपनीला एक रुपया कमवायला लागणारी वीज आणि पोलादाच्या कारखान्याला लागणारा कोळसा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सेवाक्षेत्राचा वाटा वाढला की सरासरी आपोआप उतरते.

पण तुमच्या मूळ शंकेचं उत्तर पोटगणितात आहे. 15 वर्षांत 36 टक्के म्हणजे वर्षाला सरासरी 3 टक्क्यांची घट. जीडीपी 6 टक्क्यांनी वाढत असेल तर उत्सर्जन वर्षाला 3 टक्क्यांच्या आसपास वाढणारच. 2000 साली ते सुमारे 152 कोटी टन होतं, 2019 चा आकडा वर दिलाच आहे.