आधी गंज, मग आवाज

मित्रा, गाडीतला आवाज कमी करायला आतल्या पत्र्यावर चिकटवायची शीट मागवायची घाई करू नकोस. आधी सीट काढ. सीटखाली पिवळे कनेक्टर असतील तर ते एअरबॅगचे, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून थोडा वेळ थांब आणि मगच हात लाव.

आता कार्पेट उचलून खालच्या फोमचा वास घे. कुबट आला की पाणी कुठून तरी झिरपतंय. दाराचं रबर, काचेची कड, एसीचा ड्रेन पाइप तपास. ती गळती बंद केल्याशिवाय पुढे जाऊच नको. माझ्या पहिल्या गाडीत मी ओलसर पत्र्यावरच शीट चिकटवली. दोन पावसाळ्यांत खालून पत्रा सडला. अजून हळहळ वाटते.

गंज तारेच्या ब्रशने चकाकी येईपर्यंत घास. खाचांत रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), मग इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा अस्तर-थर), मग रंग. पूर्ण वाळू दे. एप्रिल-मेचं ऊन यासाठी उत्तम.

शीट ब्युटाइलचीच, म्हणजे चिकट कृत्रिम रबराची घे. घराच्या छताला लावतात ती डांबरी शीट उन्हात वास मारते. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, बोटाने ठोकल्यावर घुमतो तिथे लाव आणि रोलरने घट्ट दाब. ड्रेनच्या भोकांवरचे रबरी बूच मात्र झाकू नकोस.