परदेशातल्या विजयाला क्रमवारीत जादा गुण असतात का?

प्रश्न : परदेशात कसोटी मालिका जिंकणं घरच्यापेक्षा कितीतरी अवघड. मग आयसीसीच्या क्रमवारीत त्याचे जास्त गुण मिळतात का?

उत्तर : नाही. सामना कुठे झाला, हे त्या सूत्रात येतच नाही. प्रत्येक विजयाला १ मालिका-गुण, अनिर्णित सामन्यात दोघांना अर्धा-अर्धा, आणि मालिका जिंकणाऱ्याला आणखी १. मालिका बरोबरीत सुटली तर तोही वाटून. दोघांच्या रेटिंगमध्ये, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या आकड्यात, ४० पेक्षा कमी फरक असेल, तर आपले मालिका-गुण गुणिले (प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग + ५०), अधिक त्याचे मालिका-गुण गुणिले (त्याचंच रेटिंग – ५०). या बेरजेला ‘सामने + १’ ने भागा.

समजा, ‘अ’चं रेटिंग १२० आणि ‘ब’चं १००. तीन कसोटींत अ २-१ ने जिंकला. मालिका-गुण ३ आणि १. अ : ३ × १५० + १ × ५० = ५००, भागिले ४, म्हणजे या मालिकेपुरते १२५. ब : १ × १७० + ३ × ७० = ३८०, म्हणजे ९५. ‘ब’ने ही झुंज ‘अ’च्या देशात दिली असली तरी त्याचं रेटिंग घसरणारच. फरक ४० किंवा जास्त असेल तर सूत्र बदलतं, पण मैदान त्यातही नाही.

प्रश्न : म्हणजे मैदानाचा परिणाम शून्य?

उत्तर : सूत्रात शून्य, वेळापत्रकातून मात्र पुरेपूर. घरचे-बाहेरचे सामने कालांतराने समसमान होतील, हे गृहीत धरलं तरच ही पद्धत न्याय्य ठरते. पण हिशेब तीन ते चार वर्षांचाच असतो. मे महिन्यात सर्वात जुनं वर्ष गळतं, त्यापुढच्या दोन वर्षांचं वजन ५० टक्के, नंतरच्या सामन्यांचं १०० टक्के. एखाद्या संघाचा परदेश दौरा अर्ध्या वजनात आणि घरच्या मालिका पूर्ण वजनात आल्या, की आकडा फुगतो. उलटही होतं : मे २०२४ मध्ये भारताचा ऑस्ट्रेलियातला २०२०-२१ चा २-१ विजय हिशेबातून गेला, आणि ऑस्ट्रेलिया १२४ गुणांनी पहिला, भारत १२० वर दुसरा झाला.

प्रश्न : घरचं आणि बाहेरचं रेटिंग वेगळं काढता येईल?

उत्तर : येईल. मालिकांच्या दोन याद्या करा आणि वरचंच सूत्र लावा; शेवटी भागाकार प्रत्येक यादीचा स्वतंत्र. वजनही लावा. नेहमीची चूक म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं आजचं रेटिंग घेणं. मालिका सुरू होण्याआधीचंच हवं. दुसरी अडचण तटस्थ मैदानांची. २००९ नंतर पाकिस्तानचे बरेचसे ‘घरचे’ कसोटी सामने संयुक्त अरब अमिरातीत झाले. ते घरच्या यादीत टाकायचे की तिसरी यादी करायची, हे आधीच ठरवा. आमच्या मते तिसरी. आणि बाहेरच्या यादीत दोन-तीनच मालिका असतील, तर एका निकालाने आकडा गडगडतो. त्यावरून संघ जोखू नका.

प्रश्न : जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत तरी?

उत्तर : तिथेही विजयाला १२ गुण, अनिर्णित सामन्याला ४, मैदान कुठलंही असो. फक्त प्रत्येक संघाला तीन मालिका घरी आणि तीन बाहेर मिळतात. पण मालिका दोन कसोटींचीही असते आणि पाचचीही, त्यामुळे सामने समसमान होतीलच असं नाही.