ह्यूस्टनहून गाडीने न्यू ऑर्लीन्सला निघालो आहोत. अस्सल केजन बुदॅन कुठे खावा आणि चांगला कसा ओळखावा?

न्यू ऑर्लीन्सला पोचेपर्यंत थांबू नका. बुदॅन, म्हणजे डुकराचं मांस आणि भात आतड्यात भरून केलेला केजन (लुइझियानातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा) सॉसेज, मुळात त्या शहराचा पदार्थ नव्हे. तो लुइझियानातल्या लफायेत शहराच्या आसपासच्या अकेडियाना भागाचा, आणि तो भाग तुमच्या वाटेवरच आहे. आय-१० महामार्गाने साधारण साडेतीन तास गेलात की लफायेतच्या थोडं अलीकडे, ९७ नंबरच्या एक्झिटला स्कॉट नावाचं छोटं गाव लागतं. लुइझियानाच्या विधिमंडळाने २०१२ मध्ये या गावाला ‘जगाची बुदॅन राजधानी’ ठरवलं. बेस्ट स्टॉप, डॉन्स स्पेशालिटी मीट्स आणि बिलीज ही तिन्ही दुकानं याच गावात आहेत. एकाच दुकानात पोट भरू नका. तिन्हीकडे एकेक गरम लिंक (बुदॅनचा एक नग) घेऊन लागोपाठ खाल्ली, तरच हातांतला फरक कळतो. लफायेत शहरात थांबणार असाल तर जॉन्सन्स बूकानियेरला जा. या घराण्याचं युनीस गावातलं किराणा दुकान १९३७ साली सुरू झालं आणि तिथला बुदॅन प्रसिद्ध होता. आता त्यांच्याकडे धुरी दिलेला बुदॅन घ्यावा.

सकाळी किंवा दुपारच्या जेवणाआधी पोचा. रविवारी बरीच दुकानं लवकर मिटतात, काही उघडतच नाहीत, तेव्हा वेळ बघून निघा. पेट्रोल पंपाच्या दुकानातला बुदॅन कमी प्रतीचा असेल असं समजू नका; त्या भागात कितीतरी उत्तम बुदॅन तिथेच मिळतो. बघायचं ते एवढंच, की काउंटरवरचं भांडं भराभर रिकामं होतंय का. तासन्‌तास वाफेत पडून राहिलेल्या लिंकमधला भात सगळा रस्सा पिऊन घेतो आणि आतलं सारण कोरडं पडतं.

आत असतं काय? डुकराच्या खांद्याचं शिजवलेलं मांस, थोडी कलेजी, कांदा, कांद्याची पात, पार्सली, लाल तिखट, मिरी आणि बरोबरीने भात. हे सगळं डुकराच्या आतड्यात भरलेलं. हिवाळ्यात सगळं गाव मिळून डुक्कर कापायचं, त्याला तिथे बूशरी म्हणतात. कलेजी आणि उरलंसुरलं मांस वाया जाऊ नये आणि सगळ्यांना पुरावं म्हणून त्यात भात आला, कारण नैर्ऋत्य लुइझियाना हा भातशेतीचाच मुलूख आहे. रक्त घातलेला लाल बुदॅनही असतो, पण रक्ताच्या विक्रीवरच्या आरोग्य-नियमांमुळे तो आता फार थोड्या ठिकाणी मिळतो.

चांगला बुदॅन ओळखायचा तो कापून किंवा दाबून. भाताचं शीत मऊ हवं, पण वेगळं दिसायला हवं. मांसाचे धागे डोळ्यांना दिसावेत, पात हिरवी असावी, सारण ओलसर चमकावं पण कागदावर तेलाचं तळं साचू नये. कलेजी मागून हळूच जाणवावी. पहिल्याच घासाला कडवट, लोखंडी चव आली तर ती जास्त झाली आहे. मुळीच जाणवली नाही तर तो नुसता मांसाचा भात, आणि मला तो अपुरा वाटतो. राखाडी लगदा दिसला तर मांस फार बारीक दळलंय.

खाताना कातड्याशी झुंजू नका. उकडलेल्या बुदॅनचं कातडं चिवट असतं. एक टोक दातांनी तोडायचं, दुसऱ्या टोकाकडून दाबत सारण तोंडात घ्यायचं आणि कातडं टाकून द्यायचं. धुरी दिलेला किंवा निखाऱ्यावर भाजलेला असेल तर मात्र कातडं कुरकुरीत होतं, ते जरूर खा. सोबत खारी बिस्किटं, क्रिओल मोहरी (तिथला भरड मोहरीचा सॉस) आणि क्रॅकलिन्स, म्हणजे चरबी-कातडीसकट तळलेले मांसाचे तुकडे. ॲबव्हिलच्या स्टीन्स कंपनीची काकवी दिसली तर बाटली उचला. उसाचा रस आटवून केलेली ही काकवी तिखट बुदॅनवर फार छान लागते.

पोर्क वर्ज्य असेल तर सावध राहा. झिंग्याचा किंवा क्रॉफिशचा बुदॅनही बहुधा डुकराच्याच आतड्यात भरलेला असतो. पारंपरिक बुदॅनमध्ये बीफ नसतं, पण टेक्सासच्या बाजूला ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) घातलेले प्रकार मिळतात, तिथे विचारूनच घ्या.

घरी करायचा झाला तर दोन किलो चरबीयुक्त खांद्याचं मांस, तीनशे ग्रॅम कलेजी, दोन मोठे कांदे, एक ढोबळी मिरची, सेलरीच्या दोन काड्या, आठ लसूण पाकळ्या. कलेजी सोडून बाकीचं बुडेल एवढ्या पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास, मांस बोटाने तुटेपर्यंत शिजवा. कलेजी शेवटच्या वीस मिनिटांत घाला, आधीपासून उकळली तर रवाळ होते. रस्सा गाळून ठेवा, एक थेंबही टाकू नका. मांस, कलेजी आणि भाज्या खिमा यंत्राच्या सहा ते आठ मिलिमीटरच्या जाळीतून एकदाच काढा. पाचशे ग्रॅम तांदळाचा भात वेगळा शिजवा. बासमती नको, भारतात करत असाल तर कोलम किंवा सोना मसुरी चालेल. मग पात, पार्सली, दोन-तीन चमचे झणझणीत तिखट, एक मोठा चमचा मिरीपूड. बेडगी नुसता रंग देईल, तिखटपणा नाही. गरम मसाला अजिबात नको. मीठ एकूण मिश्रणाच्या किलोला पंधरा ग्रॅमच्या हिशेबाने, त्यात शिजवताना घातलेलंही धरा.

बहुतेकांचं बिघडतं ते रश्श्यापाशी. भरण्याआधी मिश्रण मऊ खिचडीइतकं सैल दिसायला हवं. तेव्हा ते पातळ वाटतं, म्हणून लोक हात आखडतात आणि तासाभराने भात सगळं शोषून घेतो. ३२ ते ३५ मिलिमीटरची आतडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून आतून धुवा, मिश्रण सैलसर भरा आणि ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवा. पाणी खळखळलं तर आतडं फुटतं. आतडी मिळाली नाहीत तर सारण थंड करून लिंबाएवढे गोळे करा, मैदा-अंडं-ब्रेडचा चुरा लावा आणि १७५ अंशांवर तळा. यासाठी मात्र रस्सा कमी ठेवा, नाहीतर गोळे तेलात उकलतात.

परतीच्या वाटेवर घरी न्यायचा असेल तर गरम नको, थंड केलेला व्हॅक्यूम पाकिटातला मागा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फ्रीझर. गरम करायला मायक्रोवेव्हपेक्षा मोदकपात्र बरं. फ्रिजमधल्या लिंकला पंधरा मिनिटं वाफ द्या, आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलं की काढा. कुरकुरीत हवा असेल तर त्यानंतर बिडाच्या तव्यावर मंद आचेवर फिरवत भाजा.