कॅम्पर व्हॅनने नागपूरहून कन्याकुमारीला जायचंय, रोज किती किलोमीटर गाडी चालवावी? ५०० जमतील का?

रोज ५०० नको. चांगला चौपदरी रस्ता असेल तर जास्तीत जास्त अडीचशे-पावणेतीनशे धरा, घाट असेल तर दीडशे.

तुम्ही लिहिलंय की सुट्टी १४ दिवसांची आहे, सोबत पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारी आई आहेत. कन्याकुमारी साधारण १,७५० किलोमीटर, म्हणजे रोज ५०० ने चौथ्या दिवशी समुद्र. कारने आठ तासांत हैदराबाद गाठायची सवय असलेल्या आपल्या नागपूरकरांना हे सहज वाटतं. राष्ट्रीय महामार्ग ४४ गावातूनच जातो, वर्धा रोडला लागलं की सरळ दक्षिण. पण टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं घर घेऊन तोच रस्ता कापायला वेगळा हिशेब लागतो. मीही अशीच गाडी चालवतो, घरची मंडळी सोबत असतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात संध्याकाळपासून करा. मुक्कामाच्या जागी चार वाजेपर्यंत पोचायचंच, हे पक्कं ठरवा. हॉटेलला रात्री दहाला पोचलात तरी खोली तयार असते. इथे मात्र जागा तुम्हाला शोधायची असते: जमीन सपाट आहे का, वर झाडाची फांदी किंवा लोंबती वायर आहे का, पाणी कुठे मिळेल, मालकाची परवानगी आहे का, सकाळी आपल्यापुढे ट्रक उभे राहून वाट अडणार नाही ना. हे सगळं उजेडातच दिसतं. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पावसाळ्यात तर तिन्हीसांजेला गुरं डांबरावरच बसलेली असतात आणि वजनदार गाडी पटकन थांबत नाही.

सकाळीही घाई चालत नाही. चहा, अंघोळी, भांडी आवरणं, कपाटांच्या कड्या लावणं, सिलिंडरचा पट्टा तपासणं, टायर थंड असतानाच हवा बघणं, यात साडेआठ होतातच. साडेआठ ते चार म्हणजे साडेसात तास. त्यातून जेवण, डिझेल, टोल आणि विश्रांती यांचे दोन तास वजा करा. उरले साडेपाच. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फर्निचर यांचं वजन घेऊन मी ८० च्या वर जात नाही. अधेमधे गावं, उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले, ट्रॅक्टर हे धरून सरासरी ५० च्या आसपासच पडते. साडेपाच गुणिले ५०, झाले पावणेतीनशे. अडीचशेचा आकडा यातूनच आलाय, पंचवीस-तीस किलोमीटर मी रस्त्यातल्या अडचणींसाठी सोडतो.

अमेरिकेत आरव्हीवाल्यांमध्ये, म्हणजे अशाच फिरत्या घरांच्या गाड्या चालवणाऱ्यांमध्ये, ३-३-३ असा एक नियम चालतो: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३ पर्यंत मुक्कामी, आणि एका जागी किमान ३ दिवस. ३०० मैल म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर, तुमचा ५०० चा आकडा कदाचित तिथूनच आला असेल. त्यांच्या हायवेवर मधेच बैलगाडी येत नाही आणि पोचल्यावर वीज-पाण्याची जोडणी असलेली कॅम्पची जागा मिळते. त्या नियमातली वेळ आणि थांबणं घ्या, अंतर तिथेच राहू द्या.

ड्रायव्हर तुम्ही एकटेच आहात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यानुसार व्यावसायिक चालकालाही दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागायची. ज्यांचा तो रोजचा धंदा आहे त्यांच्यासाठी हे होतं. आपण दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं थांबावं. आईंच्या गुडघ्यांनाही तेच हवं आहे. दुपारी दोन ते चार शरीर आपोआप सुस्तावतं, म्हणून दुपारचं जेवण हलकं ठेवा. सावजी रात्री, गाडी उभी केल्यावर. आणि चालत्या गाडीत कुणीही मागच्या पलंगावर झोपायचं नाही, गॅसला हात लावायचा नाही. मुलगी पट्टा लावून सीटवरच बसेल. सहा वर्षांचं मूल असं किती तास बसेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

समृद्धी महामार्गाबद्दलही विचारलंय. कारला तिथे १२० ची मर्यादा आहे, तुमच्या गाडीने त्या वेगाकडे बघूसुद्धा नका. फारशी वळणं नाहीत, चढ नाहीत, त्यामुळे डोळ्यांवर झापड येते, आणि उन्हाळ्यात टायर तापतात ते वेगळंच. तिकडे गेलात तर मेहकरला उतरून लोणारला मुक्काम करा.

आता तुमचे १४ दिवस. कन्याकुमारीचं जाणं-येणं ३,५०० किलोमीटर, म्हणजे एकही दिवस न थांबता रोज २५०. हे मी करणार नाही आणि आईंना घेऊन तुम्हीही करू नये. त्याच रस्त्याने आंध्रातल्या गुत्तीपर्यंत जा, साधारण ८०० किलोमीटर. पहिला दिवस जरा छोटा ठेवा, कारण घरातून निघायला उशीर होतोच आणि काय खडखडतंय ते त्याच दिवशी कळतं. आदिलाबाद २०० वर आहे, तिथे थांबा. दुसऱ्या दिवशी नेरडीगोंडाहून कुंतला धबधबा बघून निर्मलला मुक्काम, तिथली रंगीत लाकडी खेळणी मुलीला आवडतील. मग हैदराबाद. शहरात गाडी घालू नका, बाहेरच्या रिंग रोडने शमशाबादकडे निघा आणि त्या बाजूला दोन-तीन रात्री थांबून शहर टॅक्सीने बघा. पुढे कर्नूल, २१५ किलोमीटर. कर्नूलहून गुत्ती शंभराच्या आत. मुराररावांच्या, म्हणजे गुत्तीकर घोरपड्यांच्या किल्ल्याला चांगलाच चढ आहे, आईंना गाडीपाशी सावलीत बसवून दोघांनी आळीपाळीने चढा. बेलमच्या गुहा तिथून फार लांब नाहीत. जाताना पाच दिवस चालवणं, येताना चार, बाकीचे सगळे थांबण्याचे.

मुलीला समुद्रच दाखवायचा असेल तर सुट्टी तीन आठवड्यांची काढा. निर्मल, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बेंगळुरू, सेलम, मदुराई, कन्याकुमारी असे जायला आठ दिवस, यायला आठ, आणि मधले पाच दिवस गाडी हलवायची नाही.